मातृहस्ताक्षर पडताळणी उपसमिती

वस्तू वापरली की तिची किंमत उतरते, हे जगभर मान्य झालेलं सत्य आहे. नवी गाडी दुकानाच्या फाटकातून बाहेर पडली की तिची उतरते, फ्रिजचं दार चार वेळा उघडलं की त्याची उतरते. माणसाचंही साधारण तसंच असतं, पण तो विषय आमच्या मंडळाच्या कक्षेत येत नाही.

या सत्याला अपवाद दोनच. एक लोणचं आणि दुसरा जुने व्हिडिओ गेम. लोणच्याचं कारण मीठ, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जुन्या खेळांचं कारण मात्र लोक मला विचारत असतात, कारण नागोयाच्या ओसु बाजारात तीस वर्षं माझं जुन्या खेळांचं दुकान आहे आणि 'ओसु जुने खेळ मूल्यसंवर्धन मंडळा'चा मी चिटणीस आहे. (मंडळाची सभा दर गुरुवारी सकाळी कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात भरते, कारण तिथे सकाळी कॉफीबरोबर टोस्ट फुकट मिळतो. चिटणीस म्हणजे ज्याचा टोस्ट गार होतो तो.) तेव्हा एकदाच काय ते सविस्तर सांगून टाकतो.

पहिलं कारण आई.

पुरवठा कमी असला की भाव टिकतो, इतकं अर्थशास्त्र आमच्या बाजारातल्या मांजरांनाही कळतं. खेळांच्या जुन्या कॅसेटचा पुरवठा कमी कोणी केला, याची मी शास्त्रशुद्ध पाहणी केली. त्रेचाळीस गिऱ्हाइकांना विचारलं, की बाबा, लहानपणच्या तुमच्या कॅसेट गेल्या कुठे. सव्वीस जण म्हणाले, आईने टाकल्या. अकरा जण म्हणाले, आईने मावसभावाला दिल्या. पाच जण म्हणाले, आईलाच विचारा. उरलेला एक जण रडायला लागला, त्याला पाहणीतून वगळावं लागलं. तेलवाल्या देशांना वर्षातून दोनदा बैठका घेऊनही पुरवठा इतक्या शिस्तीत रोखता येत नाही. आमच्या आयांनी तो कसलीही बैठक न घेता, वार्षिक परीक्षेच्या निकालाच्या संध्याकाळी, घरोघरी एकाच वेळी रोखून दाखवला. त्या काळात त्यांनी मन घट्ट केलं नसतं तर आज माझ्यासारख्या कित्येकांना पोट भरण्यासाठी काहीतरी उपयोगाचं काम करावं लागलं असतं.

दुसरं कारण असं की खेळ वाईट असावा लागतो. चांगला खेळ लाखांनी खपतो, घरोघरी असतो, म्हणून आज तो पाचशे येनला टोपलीत पडलेला दिसतो. वाईट खेळ कोणी घेत नाही, कंपनी बुडते, आणि जो माल उरतो तो रत्नासारखा दुर्मीळ होतो. 'खेकडा पोस्टमन' या खेळाचं उदाहरण घ्या. त्यात एका खेकड्याने गावभर पत्रं वाटायची असतात. खेकडा फक्त आडवा चालतो, त्यामुळे समोरच्या घरी पोचायला साऱ्या गावाला वळसा पडतो. तिसरं पत्र पोचवलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. कंपनी अकरा महिन्यांत बंद पडली. आज त्या कॅसेटला बऱ्या मोटरसायकलीची किंमत येते. गुंतवणूकदारांना आमचा सल्ला नेहमी हाच असतो, की जे खेळून बघावंसं अजिबात वाटणार नाही ते घ्या.

तिसरं कारण खोका. नुसती कॅसेट दोन हजार येन, तर तिचा रिकामा खोका नऊ हजार. आतला प्लॅस्टिकचा ट्रे पंधराशे. 'खेळ कसा वाटला ते कळवा' अशा छापील मजकुराचं कोरं पोस्टकार्ड शाबूत असेल तर त्याचे आणखी तीन हजार. (भरून पाठवलं असेल तर शून्य. मत असलेल्या मुलाची या धंद्यात किंमत नसते.) आणि खोका मुळातून उघडलेलाच नसेल तर काही विचारूच नका. मागे असा एक न उघडलेला खोका आमच्याकडे आला. वजन केलं तर तो अंमळ हलका भरला. कारखान्यातच आत कॅसेट ठेवायची राहून गेली असावी, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष निघाला. मंडळात दोन तास चर्चा झाली आणि त्याचा भाव दुप्पट करण्यात आला, कारण ज्या खेळाला खुद्द कंपनीचाही हात लागलेला नाही त्याहून कोरा खेळ दुसरा कुठला.

इतकी वर्षं आमच्या प्रतवारीत सर्वांत मोठं पाप एकच मानलं जायचं, ते म्हणजे कॅसेटवर नाव असणं. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या प्रत्येक वस्तूवर आईने मार्करने नाव लिहायचं, ही आमची रीतच आहे. टॉवेल, बूट, बासरी, छत्री, हिशेबाच्या तासाला लागणारी एकेक काडी, सगळ्यावर इयत्ता, तुकडी आणि आडनाव. त्याच झपाट्यात कॅसेटवरही. असा 'नावाचा' माल आला की आम्ही चेहरा पाडायचो, दात न घासता आलेल्या माणसाकडे बघावं तसं विकणाऱ्याकडे बघायचो आणि भाव एक तृतीयांश करायचो. मग मागच्या खोलीत बसून स्पिरिटच्या बोळ्याने ते नाव पुसून टाकायचो. माझ्या हिशेबाने मी एकट्यानेच एका मध्यम आकाराच्या शाळेतली सगळी मुलं पुसली असतील.

दोन वर्षांपूर्वी योकोहामाच्या एका धनाढ्य संग्राहकाने हे सगळं उलटं केलं. त्याने जाहीर केलं, की कोऱ्या कॅसेटचा आपल्याला वीट आला आहे. ज्या कॅसेटवर आईच्या हाताने मुलाचं नाव आहे तीच खरी, कारण तिच्यावर कोणीतरी खरोखर जीव टाकला होता आणि कोणीतरी खरोखर रागावलं होतं. अशा कॅसेटला तो तिप्पट भाव देऊ लागला. ज्यांची नावं मी पुसली होती त्या मुलांची आठवण येऊन त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही.

पुढे जे व्हायचं तेच झालं. महिन्याभरात ओसु बाजारात नावांचा पूर आला. बाजारात आलेल्या दर दहा कॅसेटींपैकी नऊ जणींवर कोण ना कोण मुलगा चौथीत शिकत होता. शाई जुनी दिसावी म्हणून लोक कॅसेट चहात बुडवून ठेवत. एका माणसाने तर बाईचं वळण यावं म्हणून अक्षर डाव्या हाताने काढलं आणि तुकडी अकरा लिहिली. अकरा तुकड्या असलेली शाळा आमच्या प्रांतात नाही. मंडळाला हात बांधून बसणं शक्य नव्हतं. ठराव क्रमांक ७७ अन्वये, सर्वानुमते, मातृहस्ताक्षर पडताळणी उपसमिती स्थापन करण्यात आली.

उपसमितीत तीन माता घ्यायच्या होत्या. अटी दोन ठेवल्या. वय सत्तरच्या वर हवं, आणि मुलाची किमान एक कॅसेट स्वतःच्या हाताने टाकल्याचा किंवा देऊन टाकल्याचा अनुभव हवा. एकशे बारा अर्ज आले. त्यातला एक अर्ज श्रीमती फुमिए कुमागाई यांचा होता. वय सत्त्याहत्तर, राहणार आत्सुता, एकट्या. अनुभवाच्या रकान्यात त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं: 'खेकडा पोस्टमन, नग एक. मुलगा चौथीत होता. गणितात एकतीस मार्क पडले. माझ्या बहिणीच्या मुलाला देऊन टाकली. त्याने कुठे घालवली ते त्याला आठवत नाही.' अर्ज करण्याचं कारण, या रकान्यात दोनच शब्द होते: 'नवीन वर्ष.'

मुलाखतीत मी त्याचा खुलासा मागितला. फुमिए-सान टोस्टवर लोणी सारखं करत म्हणाल्या, की मुलगा मित्सु आता सेहेचाळीस वर्षांचा आहे, तोयोहाशीला नगरपालिकेत दुकानदारांची वजनमापं तपासतो, लग्न केलं नाही. दर नवीन वर्षाला तो घरी येई, मोचीच्या, म्हणजे तांदळाच्या चिकट गोळ्यांच्या, साराचा पहिला घोट घेई, आणि न चुकता म्हणे, 'माझी ती कॅसेट असती तर.' बत्तीस वर्षं त्यांनी ते ऐकून घेतलं. चार वर्षांपूर्वी मात्र तोंडातून निघून गेलं, की एका खेळण्यापायी म्हातारा होईपर्यंत रडणार आहेस का. मित्सुने जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या, कोट घातला आणि तो गेला. तेव्हापासून आला नाही. फोन करतो, पण वीजबिलाची चौकशी करावी तसा. ती कॅसेट सापडली तर तो नवीन वर्षाला येईल, असं त्यांना वाटत होतं. दुकानं फिरून फिरून पाय दुखायला लागले, तेव्हा कॅसेटच आपल्यासमोर आणून ठेवल्या जातील असं काम धरावं, हा त्यांनी काढलेला मार्ग होता. मंडळाने त्यांना एकमताने अध्यक्ष केलं.

काम त्यांनी चोख केलं, हे नमूद केलंच पाहिजे. पहिल्या चार महिन्यांत उपसमितीने तीनशे नव्वद कॅसेट तपासल्या आणि तीनशे एक्काहत्तर बनावट ठरवल्या. आयांच्या नजरेपुढे भिंगही फिकं पडतं, हे मी तेव्हा पाहिलं. एका कॅसेटवरचं अक्षर तिघींनी एका क्षणात फेटाळलं, कारण ते फार सुंदर होतं. 'सकाळी सात वाजता, डबा भरायचा असताना, असं अक्षर कोणाचं निघतं हो?' एवढाच प्रश्न त्यांनी विक्रेत्याला विचारला. तो अविवाहित होता, त्याने कॅसेट पिशवीत घातली.

मग जुलैत गिफूचा एक व्यापारी 'खेकडा पोस्टमन' घेऊन आला. त्याच्या तीन कॅसेट आधी बनावट ठरल्या होत्या, त्यामुळे या वेळी तो नमस्कारासाठी जरा जास्तच वाकला. कॅसेटवर निळ्या मार्करने लिहिलं होतं: 'चौथी, तुकडी दोन, कुमागाई.' खरी ठरली तर योकोहामावाला तीन लाख ऐंशी हजार येन द्यायला तयार होता. उपसमितीच्या अध्यक्षांचं आडनावही कुमागाईच होतं, हा योगायोग मी इतिवृत्तात नोंदवला नाही. आडनावं एकसारखी असतात.

इथे अक्षराबद्दल थोडं सांगायला हवं. कुमागाई हे नाव लिहिताना सुरुवातीला अस्वलाचं अक्षर येतं. त्याच्या पोटाखाली चार ठिपके द्यायचे असतात. शाळेत मास्तर ते अस्वलाचे पाय म्हणूनच शिकवतात. या कॅसेटवरच्या अस्वलाला पाच पाय होते.

फुमिए-सान त्या अक्षराकडे बराच वेळ बघत राहिल्या. इतका वेळ त्यांनी कुठल्याच कॅसेटला दिला नव्हता. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि अध्यक्षांना शोभेल अशा आवाजात निकाल दिला.

"अस्वलाला चार पाय असतात. शुद्धीवरची कुठली आई पाच काढील? बनावट आहे. लिहा, उकाई-सान."

उकाई म्हणजे मी. मी लिहिलं. बाकीच्या दोघींनी अध्यक्षांकडे एकदा पाहिलं, एकमेकींकडे एकदा पाहिलं, आणि अनुमोदन दिलं. कॅसेटच्या पाठीवर मंडळाचा लाल 'बनावट' शिक्का बसला. गिफूचा व्यापारी हताश होऊन ती माझ्याच दुकानाच्या भंगार टोपलीत टाकून गेला, आणि तासाभराने अध्यक्षांनी ती तिथून तीनशे तीस येनला, करासह, रीतसर पावती घेऊन विकत घेतली. बनावट माल स्वतःच्या पैशाने बाजारातून नाहीसा करणारे पदाधिकारी हल्ली कुठे दिसतात.

त्याच सभेत 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' या सदराखाली अध्यक्षांनी स्वतःच्या परवानगीने एक विषय मांडला. बनावट ठरलेल्या मालाबाबत कोणाला दाद मागायची असेल तर काही सोय असावी, नाहीतर अन्याय होतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. मसुदा त्यांनी घरून लिहून आणला होता. सभासदांना भूक लागली होती, त्यामुळे नियम ९(ख) वाचून न दाखवताच मंजूर झाला. तो असा:

'हरकत घेणाऱ्याने आपल्या मातेच्या राहत्या घरी समक्ष जाऊन, मंडळाच्या एका साक्षीदारासमोर, मातेकडून अक्षराचे दहा नमुने लिहून घ्यावेत. माता उपाशीपोटी लिहिणार नाही. मातेला एकटीने जेवण जात नसल्यास हरकतदाराने सोबत जेवावे. नमुना न जुळल्यास पुढील महिन्याच्या शेवटच्या रविवारी पुन्हा यावे. फेऱ्यांना मर्यादा नाही.'

कॅसेट फुमिए-सानांनी मित्सुला कुरियरने पाठवली. सोबत चिठ्ठी होती, 'सापडली.' त्यापुढे काही लिहायचं त्यांना सुचलं नाही, असं त्या नंतर म्हणाल्या.

दहा दिवसांनी मित्सु-सान माझ्या दुकानात हजर झाले. फोन त्यांनी आईला केला नव्हता. कॅसेट काउंटरवर ठेवली आणि विचारलं, की हिचं काय येईल. छत्तीस वर्षं ज्या वस्तूसाठी जीव जाळला ती हातात आल्यावर माणूस पहिल्यांदा भाव विचारतो, यात गैर काही नाही. आमचा धंदाच त्यावर उभा आहे. मी शिक्का दाखवून सांगितलं, की शंभर येन, तेही ओळखीमुळे. खरी असती तर तीन लाख ऐंशी हजार.

"ही खरीच आहे," ते म्हणाले. "माझ्या आईचंच अस्वल आहे हे. लग्न करून कुमागाई झाली तेव्हापासून घाईत एक पाय जास्त काढते. सहा वर्षं मला शाळेत पाचपाया म्हणायचे. तुम्ही मला सांगताय खोटी आहे?"

मी त्यांना नियम ९(ख) वाचायला दिला. दुसरा कोणी असता तर त्याने कागद माझ्या तोंडावर फेकला असता. पण हा गृहस्थ बावीस वर्षं लोकांचे तराजू तपासत आला होता. नियम दिसला की त्याचा पाठीचा कणा आपोआप ताठ व्हायचा. त्यांनी तो दोनदा वाचला, 'माता उपाशीपोटी लिहिणार नाही' या ओळीवर जरा थांबले, आणि अर्जावर सही केली. प्रकरण अध्यक्षांच्या घरचंच असल्याने अध्यक्षांनी निर्णयातून स्वतःहून अंग काढून घेतलं, याबद्दल मंडळाने त्यांच्या अभिनंदनाचा ठराव केला. नमुने जुळवून बघण्याचं काम साक्षीदार म्हणून माझ्याकडे आलं.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी आम्ही दोघं आत्सुताला गेलो. दार उघडून फुमिए-सान म्हणाल्या, "आलास का." मित्सु-सान म्हणाले, "कामासाठी आलोय." चार वर्षांनंतरचं मायलेकरांचं संभाषण इथे संपलं. मग नियमानुसार जेवण झालं. मिसोत, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्यात, शिजवलेलं वांगं, तळलेले झिंगे, मुळ्याचं लोणचं. फुमिए-सान मुळा सोलत होत्या तेव्हा मी मुद्दाम बघत होतो. साल अशी अखंड आणि पातळ निघाली, की तिच्यातून वर्तमानपत्र वाचता आलं असतं. त्याच हाताने पेन धरलं मात्र, आणि तो थरथरायला लागला.

दहाही नमुन्यांत अस्वलाला चार पाय होते.

"आई, तू पाच काढायचीस."

"आता सुधारले मी," फुमिए-सान म्हणाल्या.

अक्षर बरोबर होतं, म्हणून ते जुळत नव्हतं. मी तसा शेरा मारला. सप्टेंबरमध्ये सहा पाय निघाले. ऑक्टोबरमध्ये तीन, अस्वल म्हातारं झालं असेल, असं स्पष्टीकरण मिळालं. नोव्हेंबरमध्ये पाय मोजून पाच होते, पण त्या दिवशी घरातलं पेन हरवलं असल्याने त्यांनी कुंचल्याने लिहिलं, आणि नियमात कुंचला बसत नाही. मित्सु-सान वैतागले. "लक्ष देऊन लिही ना, आई. घाई कसली असते तुला? समोर बघ, मोज आणि मग लिही." हे वाक्य चौथीतल्या गणिताच्या अभ्यासाला बसलेल्या मुलाला घरोघरी ऐकवलं जातं; त्यांनी ते कुठून उचललं हे मी नोंदवलं नाही. फुमिए-सान मान खाली घालून ऐकून घेत होत्या. त्यांचा चेहरा इतका आनंदी मी पूर्वी पाहिला नव्हता.

दोन नमुन्यांच्या मध्ये शाई वाळायला वेळ द्यावा लागतो, असं त्या म्हणत. त्या वेळात मित्सु-सान रिकामे कशाला बसतील. त्यांनी एकदा सरकत्या दाराचा फाटका कागद बदलला, एकदा न्हाणीघरातला दिवा, एकदा स्वयंपाकघरातला तराजू तपासून त्यात तीन ग्रॅमची चूक काढली. मी साक्षीदार या नात्याने संत्री खात बसे. वजन चार किलोंनी वाढलं, ते त्याच तराजूवर.

डिसेंबरचा शेवटचा रविवार साफसफाईत जाणार, तेव्हा तपासणी एक जानेवारीला ठेवावी, असा लेखी अर्ज मातेकडून आला. त्या दिवशी अख्खा देश बंद असतो. मित्सु-सानना मी फोनवर विचारलं, की रद्द करायची का. ते म्हणाले, की नियमात सुट्टीचा उल्लेख नाही, मग रद्द कशी करणार. ते सकाळी नऊला पोचले. साराचा पहिला घोट घेतला. फुमिए-सानचा हात वाटीवरच थबकला होता, कारण बत्तीस वर्षं त्या घोटानंतर काय येतं ते त्यांना पाठ होतं. मित्सु-सान म्हणाले, "मीठ कमी आहे." आणि दुसरी वाटी मागितली.

इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण फेब्रुवारीच्या फेरीत गोंधळ झाला. नऊ नमुन्यांत चार चार पाय व्यवस्थित पडले होते. दहावा लिहिताना फुमिए-सान कागदाकडे न बघता मित्सु-सानना सांगत होत्या, की जाताना लोणच्याची बरणी ने, मागच्या वेळची धुऊन परत आण, झाकण विसरू नको. बोलता बोलता हाताने आपलं काम करून टाकलं. पाच पाय. पाचवा ठिपका जरा उजवीकडे कललेला, कॅसेटवर होता तसाच. मी भिंग लावायची गरज नव्हती, तरी लावलं, कारण वेळ काढायचा होता. नमुना जुळला होता. आता शिक्का पुसायचा, दाखला द्यायचा, तीन लाख ऐंशी हजार येन, प्रकरण बंद, आणि रविवारही बंद.

फुमिए-सानच्याही ते लक्षात आलं. त्यांनी पेन ठेवलं आणि चहा ओतायला घेतला. कप भरून चहा ताटात उतरला तरी त्या ओतत राहिल्या.

मित्सु-सानांनी तो कागद उचलला, खिडकीपाशी नेला, शेजारी कॅसेट धरली. अर्ध्या ग्रॅमची लबाडी नुसत्या नजरेने पकडणारा हा माणूस. त्याने मिनिटभर एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा मिटून पाहिलं.

"नाही जुळत," ते म्हणाले. "पाचवा पाय फार सरळ आलाय. लिहा, उकाई-सान." मग आईकडे न बघता, ओल्या ताटावर फडकं ठेवत त्यांनी मला विचारलं, की दोन फेऱ्यांमध्ये महिनाभर थांबायची अट आहे ती जरा जाचक नाही का, दर रविवारी केलं तर.

"नियम बदलता येतो," अध्यक्षांनी सांगितलं.

मी लिहिलं, 'जुळत नाही.' तीस वर्षांत मी केलेली ही एकमेव खोटी नोंद, आणि ती करताना मला फार बरं वाटलं. इतिवृत्तात असं लिहिता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

प्रकरण अजून चालू आहे. योकोहामावाल्याला सगळी हकिकत कळली आणि तो सहा लाखांपर्यंत चढला आहे, पण प्रकरण प्रलंबित असेपर्यंत कॅसेट विकता येत नाही, आणि जी वस्तू विकता येत नाही तिचा भाव पडण्याचा प्रश्नच येत नाही. जुन्या खेळांचे भाव का टिकतात, याचं शास्त्रीय उत्तर मला वाटतं यात आलं.

हे वाचून तुम्हीही थोडे हळवे झाला असाल. साहजिक आहे. पण खरं सांगा, मघाशी आयांनी टाकलेल्या कॅसेटचा विषय निघाला तेव्हा तुम्हाला आधी आई आठवली की माळ्यावरचा खोका? त्यात काय उरलं असेल, नाव घातलेलं असेल का, आजच्या भावाने किती येतील? लाजू नका, माझं दुकान बुधवार सोडून रोज अकराला उघडतं आणि पोस्टाने आलेला मालही आम्ही घेतो. फक्त खोका आहे का ते विचारायला आईला फोन कराल, तेव्हा आधी तिची तब्येत विचारा आणि खोक्याचं मागून. उलट क्रमाने विचारलं तर ती 'टाकून दिला' म्हणून सांगते, मग तो तिच्या उशाशी असला तरी.